घरभाडं आणि विप्रलंभ

शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दार उघडते. स्वेटर तिने काढून ठेवलाय, पायांत बूट नाहीत. दारात तिच्याच वर्गातला मुलगा. तो तिला भेटायला आलेला नाही. त्याची आई या घरी साफसफाईला येते, तिला न्यायला तो आलाय. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर बसते आणि बरणीतलं चॉकलेट चमच्याने खाते. मुलाची आई हातांतले रबरी मोजे उतरवते. सराव परीक्षेच्या निकालाबद्दल दोन-चार वाक्यं इकडून तिकडे जातात. मुलाचे हात खिशात आहेत, आणि ते इतके खोल चाललेत की तो अख्खाच आत मावला तर त्याला बरं वाटेल.

आयरिश लेखिका सॅली रूनी हिच्या 'नॉर्मल पीपल' (२०१८) या कादंबरीची ही सुरुवात. मॅरिअन श्रीमंत घरची, पण वर्गात एकटी पडलेली, विचित्र ठरलेली. कॉनेल साध्या घरचा, हुशार, फुटबॉल खेळणारा, सगळ्यांना हवासा. शाळेत त्याचं वजन, या घरात तिचं. रूनी हे कुठेही सांगत बसत नाही. कोण या घरात अनवाणी वावरतं, कोण मोजे घालून फरशी पुसतं आणि कुणाला आपल्या हातांचं काय करावं ते सुचत नाही, एवढंच ती दाखवते. पुढे अडीचशेवर पानं जे काही घडतं त्याचं सगळं भांडवल या एका स्वयंपाकघरात मांडून झालेलं असतं, आणि पहिल्या वाचनात आपलं लक्ष चॉकलेटच्या बरणीकडे असतं. खरा ऐवज रबरी मोज्यांत आहे हे दुसऱ्या वाचनात कळतं.

अशा पुस्तकांसाठी इंग्रजी प्रकाशनव्यवहारात 'न्यू अडल्ट' अशी एक पाटी आहे. २००९ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने एका स्पर्धेसाठी ती वापरली आणि हळूहळू ती रुळली. 'यंग अडल्ट'मधली मुलं शाळेत असतात, इथली नुकती घराबाहेर पडलेली. प्रेम तेच, पण आता त्याला खोलीचं भाडं, अर्धवेळ नोकरी आणि आपण नेमके कोण हा नवा घोर चिकटलेला. 'नॉर्मल पीपल' बुकरच्या लांब यादीत होती, तिला कोस्टा पुरस्कार मिळाला, त्यामुळे दुकानदार तिला गंभीर साहित्याच्या फळीवर ठेवतात. तिथे ती शोभतेही. पण माझ्या मते ती प्रेमकथा म्हणूनच वाचावी. आयर्लंडची मंदी, वर्गभेद, नवी पिढी असे विषय शोधत वाचणाऱ्याच्या हाती विषय लागतात, आणि कारागिरी निसटते.

प्रेमकथेच्या वाचकाला शेवट साधारण ठाऊक असतो. सम कुठे आहे हे जाणणारा श्रोता गवई तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो ते ऐकत असतो, तसं हे वाचन. म्हणून या प्रकारात सगळा कस लागतो तो अडथळ्याचा. जेन ऑस्टिनच्या काळी इस्टेट, वारसा आणि घराण्याची प्रतिष्ठा असे अडथळे आयतेच हाताशी होते. आपल्याकडे ना. सी. फडक्यांच्या नायक-नायिकांमध्ये गैरसमजाच्या निरगाठी बसायच्या, आणि लेखक त्या सराईतपणे सोडवायचा. पण २०११ सालच्या आयर्लंडमध्ये, एकमेकांवर जीव असलेल्या, खिशात फोन असलेल्या, कुणाच्या परवानगीची गरज नसलेल्या दोन मुलांना अडवणार कोण? रूनीसमोरचा पेच हा आहे. तिने अडथळा बाहेरून आणलाच नाही. तो तिने वाक्यांच्या मधल्या जागेत ठेवला.

ही मधली जागा आधी प्रकरणांच्या शीर्षकांत दिसते. पहिल्याचं शीर्षक नुसतं 'जानेवारी २०११'. त्यानंतर प्रत्येक शीर्षक मधला अवधी सांगतं: तीन आठवड्यांनी, एका महिन्याने, सहा आठवड्यांनी, चार महिन्यांनी, आणि कंसात महिना व साल. असं करत करत फेब्रुवारी २०१५. वरवर पाहता ही डायरीतली नोंद. पण या शीर्षकांतून कादंबरी एक गोष्ट पुनःपुन्हा सांगते, की महत्त्वाचं काहीतरी तुमच्या नजरेआड घडून गेलंय. प्रकरण वर्तमानकाळात उघडतं. कुणीतरी आरशासमोर बसलंय, कुणीतरी बसमध्ये अडकलंय. दोन पानांनी निवेदन अलगद मागे सरकतं, मधल्या काळातली एखादी घटना भूतकाळात सांगतं आणि परत वर्तमानात येतं. म्हणजे भांडण आपण कधी घडताना पाहत नाही. भांडणानंतरचा चेहरा आधी दिसतो, कारण मागाहून कळतं. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभ शृंगाराचे चार प्रकार सांगितलेत: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. भेटीआधीची ओढ, रुसवा, दूरदेशी जाणं आणि मृत्यूच्या छायेतला वियोग. रूनीने हे शास्त्र वाचलं असण्याचं कारण नाही, पण तिच्या शीर्षकांतले ते 'तीन महिन्यांनी', 'पाच महिन्यांनी' म्हणजे विप्रलंभाची मोजमापंच. मीलनाला पानं मिळतात, विरहाला फक्त एक ओळ, आणि ती ओळ पानांना भारी पडते.

आणि मग शेवटाकडे तिने या रचनेतून काढलेलं एक काम बघा. महिन्यांमागून महिने उड्या मारत आलेली कादंबरी जुलै २०१४च्या एका प्रकरणानंतर पुढचं शीर्षक देते: 'पाच मिनिटांनी'. मॅरिअनवर तिच्या घरातच भावाचा हात पडलाय, नाकातून रक्त येतंय, तिने कॉनेलला फोन केलाय. इतकी वर्षं आपल्याला महिन्यांच्या अंतराची सवय लावून ठेवली होती ती या क्षणासाठी. आता तो लगेच निघालाय हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही, शीर्षकच धावतं. अनुक्रमणिकेतून नाट्य काढणारी लेखणी मी फार पाहिलेली नाही.

दुसरी मधली जागा संवादांत. या कादंबरीत अवतरणचिन्हं नाहीत. काही वाचकांना हा नखरा वाटतो, आणि इतरत्र तो असतोही. इथे मात्र त्याला काम नेमून दिलेलं आहे. कॉनेल मनात काय म्हणाला आणि तोंडाने काय म्हणाला, यांच्यामध्ये पानावर कुंपणच उरत नाही. त्यामुळे वाचता वाचता आपल्याला वाटतं की हे तो बोलला, आणि अर्ध्या ओळीनंतर लक्षात येतं की नाही, फक्त मनात आलं होतं. मॅरिअन समोर बसलेली असते आणि तिला ते ऐकू आलेलं नसतं. आपल्याला आलेलं असतं. निवेदनही आलटूनपालटून एकदा त्याच्या खांद्यावर, एकदा तिच्या. दोघांचीही मनं आपल्याला उघडी, एकमेकांना बंद. नाटकात प्रेक्षक ज्या यातनेने 'अगं, मागे बघ' असं ओरडू पाहतो, ती यातना रूनी एक विरामचिन्ह गाळून मिळवते. काटकसर म्हणावी ती ही.

शाळेच्या भागातला अडथळा साधा आहे: कॉनेलला लाज वाटते. मॅरिअनशी असलेलं नातं तो मित्रांपासून लपवतो, आणि शाळा संपतानाचा नाचाचा समारंभ येतो तेव्हा तो दुसऱ्याच मुलीला विचारतो. त्याच्या आईला, लोरेनला हे गाडीत कळतं. ती काय करते? व्याख्यान देत नाही. गाडी थांबवायला लावते, उतरते आणि बसने घरी जाते. स्वतः सतराव्या वर्षी गरोदर राहून गावाच्या नजरा झेललेली ही बाई. नातं लपवलं गेलं की कुणाच्या वाट्याला काय येतं हे तिला कुणी समजावायला नको. ज्या मुलीच्या घरची फरशी ती पुसते, त्या मुलीच्या बाजूने ती आपल्या लाडक्या लेकाच्या गाडीतून उतरते. आई-मुलाच्या नात्यावर आपल्याकडे किती पानं खर्ची पडलीत, पण बसथांब्याकडे चालत जाणारी ही आई मला त्यांतल्या बऱ्याच पानांपेक्षा मोठी वाटते.

याच धाग्याचं टोक पुढे हळूच ओढलेलं आहे. समारंभाच्या रात्री एक मित्र कॉनेलला सहज बोलून जातो की त्याचं आणि मॅरिअनचं सगळ्यांना केव्हाच माहीत होतं. कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. म्हणजे ज्या भीतीपायी त्याने तिला दुखावलं ती भीती पोकळ होती. दुसऱ्या एखाद्या लेखिकेने इथे नायकाला पावसात भिजवलं असतं. रूनी पुढच्या वाक्याकडे जाते.

मधे एकदा ही दोघं गावाबाहेरच्या एका ओसाड वसाहतीत जातात. २००८च्या आर्थिक कोसळणीनंतर आयर्लंडभर अशा वसाहती ओस पडल्या होत्या. बांधून झालेली किंवा अर्धवट सोडलेली, ओळीने रिकामी घरं. राहायला कुणी नाही. रिकाम्या घरात एक डागाळलेली गादी पडलीय. विकली जात नाहीत तर ही घरं लोकांना देऊन का टाकत नाहीत, असं मॅरिअन विचारते. प्रश्न बालिश आहे आणि त्याला धड उत्तरही नाही. प्रेमिकांना एकांतासाठी जागा हवी आणि देशात जागाच जागा पडून आहे, हा उपरोध रूनी तसाच पडून राहू देते.

आता त्या प्रसंगाकडे, ज्याच्यासाठी हे पुस्तक मी पुनःपुन्हा काढतो. दोघंही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. पारडं फिरलंय: इथे मॅरिअन सगळ्यांत उठून दिसते, कॉनेल मेणकापडी जाकिटं घातलेल्या श्रीमंत पोरांत हरवलेला. ती कुटुंबाच्या मालकीच्या जागेत राहते, तो एका खोलीत भागीदारीने. रात्री मात्र तो बहुतेक तिच्याकडेच असतो. मे महिन्यात त्याचं हॉटेलातलं काम आटतं आणि उन्हाळ्याचं भाडं परवडेनासं होतं. उपाय समोर आहे. तिला एवढंच विचारायचं, की उन्हाळाभर तुझ्याकडे राहू का? तो विचारत नाही. भाडं झेपत नाही म्हणून गावी जाणार असल्याचं सांगतो, आणि आपल्याच बोलण्याच्या ओघात म्हणतो की मग तुला दुसऱ्या कुणाला भेटावंसं वाटेल. तिचा आवाज थंड होतो. ठीक आहे, म्हणते. संपलं.

एवढ्याशा घटनेवर रूनीने केलेली कारागिरी दोन थरांची आहे. पहिला थर क्रमाचा. जुलैच्या प्रकरणात आपण मॅरिअनसोबत असतो, तेव्हा नातं तुटलेलं आहे आणि तिच्या लेखी ते त्याने तोडलंय. मुळात काय बोलणं झालं होतं ते कॉनेलच्या बाजूने सप्टेंबरच्या प्रकरणात येतं. तोपर्यंत वाचक मॅरिअनच्या पक्षात जाऊन बसलेला असतो. मग त्याला उठून दुसरीकडे बसावं लागतं, आणि तिथूनही दिसतं ते इतकंच, की दोघंही खरं बोलत होती. पुस्तकावर २०२० साली आलेली बारा भागांची मालिका चांगली आहे, नटांचे चेहरे पुष्कळ काही सांगून जातात. पण हे बैठक बदलणं पडद्यावर त्या धारेने येत नाही. तिथे दोघं एकाच चौकटीत दिसतात, पुस्तकात आपण कायम एकाच्याच डोक्यात कोंडलेले.

दुसरा थर पैशाचा. तो का विचारत नाही? भिडेने, असं कुणीही म्हणेल. रूनी भिडेचा हिशेब मांडते. कॉनेल आणि मॅरिअन जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतात, पण एका गोष्टीवर कधीच नाही: तिची आई त्याच्या आईला फरशी पुसण्याचे, कपडे वाळत घालण्याचे पैसे देते. ते पैसे लोरेनकडून कॉनेलकडे येतात. आणि कॉनेल ते बऱ्याचदा मॅरिअनवरच खर्च करतो. एका घरातून निघालेली नोट तीन हातांतून फिरून त्याच घरच्या मुलीच्या कॉफीत परत येते. हे एक-दोन वाक्यांत, अगदी कोरडेपणाने सांगितलंय. त्या वर्तुळात उभं राहून कॉनेलने 'राहू का?' म्हणणं म्हणजे आईच्या रबरी मोज्यांची आठवण काढणं. म्हणून शब्द घशात अडकतो. तिला तर यातलं काही जाणवलेलंच नसतं. पैसा ज्याच्याकडे असतो त्याला तो दिसत नाही. वर्गभेदावरचे जाडजूड निबंध मी वाचलेत, पण तो भेद जिभेच्या नेमक्या कुठल्या भागावर बसतो हे इथे समजलं. विश्वनाथाच्या चार प्रकारांत घरभाडं नाही, आणि ते का नाही असं या प्रसंगानंतर वाटू लागतं.

खूप पुढे दोघं या संभाषणाबद्दल बोलतात. तेव्हा तिला कळतं की त्याला राहायचं होतं, आणि त्याला कळतं की ती हो म्हणाली असती. फडक्यांच्या तंत्राने ही उकल ठरली असती आणि सनई वाजली असती. रूनी ही उकल अशा वेळी देते, जेव्हा तिचा उपयोग संपलेला असतो.

या कादंबरीत एक वाचणारा मुलगाही आहे, आणि तरुणांच्या प्रेमकथांकडे नाक मुरडणाऱ्यांनी ते पान जरूर काढावं. ट्रिनिटीतल्या सुरुवातीच्या एकाकी दिवसांत कॉनेल ग्रंथालयात ऑस्टिनची 'एमा' वाचतोय. नाइटली हॅरिएटशी लग्न करणार की काय अशा वळणावर तो येतो आणि नेमकी तेव्हाच ग्रंथालय बंद करायची वेळ होते. पुस्तक मिटून तो रस्त्याने घरी निघतो, जीव थाऱ्यावर नाही. स्वतःचंच त्याला हसू येतं: कुठल्या तरी काल्पनिक माणसांची लग्नं जुळतात की मोडतात याची एवढी काळजी करणं हुशार माणसाला शोभतं का? पण जे झालंय ते झालंय. हे पान मला फार चतुर वाटतं. स्वतःच्या प्रेमाबद्दल तोंडातून शब्द न काढणारा हा मुलगा दुसऱ्याच्या प्रेमासाठी कासावीस होतो. त्याच वेळी रूनीने आपल्या हातातल्या पुस्तकाचीही बाजू मांडून घेतली: तुम्हीही आत्ता दोन काल्पनिक माणसांसाठी जागत बसलात ना? शिवाय 'एमा'च का, तर तीही समोर असलेलं न दिसण्याचीच गोष्ट. घराण्याचा पत्ता इतक्या सहजपणे देऊन जाणारी लेखिका आपल्या पूर्वजांना घाबरत नाही.

सगळंच असं जमलेलं नाही. मॅरिअनची आई आणि भाऊ एकाच रंगात रंगवलेत. त्यांच्या क्रौर्याला कारण तर नाहीच, पोतही नाही. तिच्या आयुष्यात नंतर येणारे पुरुष कॉनेलची सर कुणाला नाही हे दाखवण्यापुरते येतात आणि जातात. ज्या लेखणीने लोरेनला दहा-पंधरा प्रसंगांत जिवंत केलं तिला हे जमलं नसतं असं नाही. तिचं लक्ष नव्हतं. याउलट, शाळासोबत्याच्या आत्महत्येनंतर खचलेला कॉनेल समुपदेशकाच्या दालनाबाहेर बसून एक छापील प्रश्नावली भरतो, तो प्रसंग पाहा. मनातलं बोलता न येणाऱ्या मुलाला अखेर कुणीतरी प्रश्न विचारलाय, तोही उत्तरांच्या पर्यायांसकट. त्याने फक्त खूण करायची.

अमेरिकेतल्या प्रेमकथाकारांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या करताना दोन अटी घातल्या होत्या: मध्यभागी प्रेमकथा हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशावादी हवा. 'नॉर्मल पीपल' दुसऱ्या अटीत बसते का यावर तिचे चाहते वाद घालतात. शेवटच्या प्रकरणात कॉनेलला न्यूयॉर्कला लेखनाच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळतो. अर्ज केल्याचं त्याने मॅरिअनला सांगितलेलंच नव्हतं. चार वर्षं झाली तरी सवय तीच, आणि क्षणभर आपल्याला वाटतं की पुन्हा त्या मे महिन्यासारखंच होणार. पण या वेळी बोलणं अर्ध्यात तुटत नाही. तो आपली अडचण सांगतो, ती आपली बाजू सांगते. तू जा, म्हणते. मी इथेच आहे. तिला वाईट वाटतंय हे त्याला कळतं आणि तसं कळल्याचं तिलाही कळतं. ती दोघं पुन्हा एकत्र येतील की नाही हे रूनी सांगत नाही. अडथळा मात्र तिने दूर केलाय, आणि प्रेमकथेचा शेवट म्हणून मला तेवढं पुरतं. पुढे किती महिन्यांनी काय झालं ते सांगणारं शीर्षक तिने लिहिलेलं नाही.